सालीवरून वावळ ओळखायचा कसा? आधी वर्णन, मग नाव

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात झाडं ओळखायला बाहेर पडलात की एक अडचण हमखास येते. पान, फूल आणि फळ या तीन गोष्टींवरून आपण कॉलेजात झाडं ओळखायला शिकलो, आणि नेमक्या त्याच गोष्टी हाताशी नसतात. पानगळीची झाडं उघडी पडलेली असतात. उरलेल्यांच्या फांद्या इतक्या उंच असतात की दुर्बिणीशिवाय पानाची कड दिसत नाही. डोळ्यांसमोर, हात लावता येईल इतकं जवळ असतं ते फक्त खोड.

मग प्रश्न येतो : नुसत्या सालीवरून झाड ओळखता येतं का? आणि ओळखलं, तर ती ओळख संशोधनात चालते का?

आज या प्रश्नाकडे एकाच झाडाच्या मदतीने बघू. झाड आहे वावळ, म्हणजे आपला देशी एल्म. तुमच्यापैकी कुणी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी शहरातली झाडं मोजणार असेल, कुणी पीएच.डी.चा आराखडा लिहीत असेल. वनस्पतिशास्त्र तुमचा विषय नसला तरी पुढे वाचा, कारण यातला मुख्य मुद्दा झाडापुरता नाही.

वावळ म्हणजे नेमकं कोण?

वावळ किंवा वावळा. शास्त्रीय नाव होलोप्टेलिया इंटिग्रिफोलिया. हिंदीत चिलबिल किंवा पापडी, संस्कृतात चिरबिल्व. विल्यम रॉक्सबर्ग यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी या झाडाचं वर्णन केलं तेव्हा त्याला युरोपातल्या एल्मच्याच प्रजातीत बसवून ‘उल्मस इंटिग्रिफोलिया’ म्हटलं होतं. पुढे १८४८ मध्ये प्लाँशाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची वेगळी प्रजाती केली. ग्रीकमध्ये ‘होलोस’ म्हणजे अखंड आणि ‘प्टेलिया’ म्हणजे एल्म. ‘इंटिग्रिफोलिया’ म्हणजे अखंड कडेच्या पानांचा. गंमत अशी की वावळाच्या रोपट्यांच्या पानांना चक्क दाते असतात. नावात सांगितलेला गुणधर्म मोठ्या झाडाचा आहे. हे लक्षात ठेवा, कारण सालीच्या बाबतीतही हेच होणार आहे.

या प्रजातीत जगभरात दोनच जाती आहेत : एक आपला वावळ आणि दुसरी आफ्रिकेतली. दोन्ही उल्मेसी कुळातल्या, म्हणजे खऱ्या एल्मच्या घरातल्या. पण इंटरनेटवर ‘एल्मची साल’ शोधलीत तर बहुतेक फोटो युरोप-अमेरिकेतल्या उल्मसचे येतील. त्यांची साल खोल, उभ्या भेगांची असते. तो फोटो मनात ठेवून वेताळ टेकडीवर गेलात तर वावळ समोर असूनही दिसणार नाही. सामान्य नावावरून संदर्भ शोधायचा नाही, शास्त्रीय नावावरून शोधायचा, हा नियम इथे पहिल्याच पायरीला उपयोगी पडतो.

साल अशी का दिसते?

‘साल खडबडीत आहे’ एवढं लिहून भागत नाही. ती खडबडीत का झाली हे कळलं की काय बघायचं ते आपोआप कळतं.

खोडात वाढीचा एक पातळ थर असतो, कँबियम. तो आतल्या बाजूला लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला अन्न वाहून नेणाऱ्या पेशी. लाकूड वाढत जातं तसा खोडाचा घेर वाढतो आणि बाहेरच्या जुन्या थरांवर ताण येतो. अंगाला घट्ट झालेल्या सदऱ्यासारखं. तो उसवू नये किंवा उसवला तरी आतलं अंग उघडं पडू नये, म्हणून झाड दुसरा एक थर तयार करतं, कॉर्क कँबियम. हा थर बाहेरच्या बाजूला बुचाच्या पेशी बनवत राहतो. या पेशींच्या भिंतीत सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ असतो. त्यातून पाणी जात नाही आणि हवाही फारशी जात नाही. पण आतल्या जिवंत पेशींना श्वास तर घ्यायचाच असतो. म्हणून बुचात जागोजागी सैल पेशींच्या खिडक्या राहतात. त्यांना वल्करंध्रं किंवा लेंटिसेल म्हणतात. सालीवर दिसणारे बारीक उंचवटे, ठिपके, आडव्या रेघा बहुतेक वेळा त्याच असतात.

आता महत्त्वाचा भाग. काही झाडांत पहिला कॉर्क कँबियम वर्षानुवर्षं टिकतो आणि घेराबरोबर ताणला जातो. त्यांची साल म्हातारपणीही गुळगुळीत राहते. काहींत जुना थर मरतो आणि त्याच्या आत नवा तयार होतो, मग त्याच्या आत आणखी एक. नव्या थराच्या बाहेर जे काही असतं ते सगळं मरतं आणि कधीतरी गळून पडतं. नवे थर खोडाभोवती सलग गोलाकार झाले तर साल मोठ्या पापुद्र्यांनी सुटते. ते छोट्या-छोट्या कमानींसारखे, एकमेकांवर चढलेले असे झाले, तर साल खवल्यांनी सुटते.

वावळ या दुसऱ्या, खवल्यांच्या गटातला आहे. म्हणजे सालीचं रूप हे रंगकाम नाही, तो वाढीचा इतिहास आहे. आणि इतिहास म्हटला की वय आलंच.

तीन वयं, तीन साली

कोवळ्या वावळाची साल करडी आणि बऱ्यापैकी गुळगुळीत असते, वर वल्करंध्रांचे ठिपके. या वयात ती इतर डझनभर झाडांसारखीच दिसते. इथे सालीवरून नाव सांगायच्या भानगडीत पडू नका.

मध्यम वयात तिची खरी ओळख सुरू होते. फिकट करड्या पृष्ठभागावर पुटकुळ्यांसारखे उंचवटे उठतात. नजरेपेक्षा तळहाताला ते लवकर कळतात. हात फिरवून बघा : उभ्या भेगा लागत नाहीत, दाणेदार खरखर लागते.

जुन्या झाडावर या पुटकुळ्यांच्या जोडीला बुचासारखे वेडेवाकडे खवले सुटू लागतात. खवला पडला की खालचा भाग ताजा, फिकट रंगाचा दिसतो आणि आजूबाजूचा जुना भाग गडद. त्यामुळे खोड ठिगळं लावल्यासारखं दिसतं. एकाच झाडावर बुंध्याशी खवले, छातीच्या उंचीवर पुटकुळ्या आणि वरच्या फांद्यांवर गुळगुळीत साल असंही सापडतं. म्हणजे एकाच खोडावर खालून वर नजर नेली की वावळाचं बालपण ते म्हातारपण उलट्या क्रमाने वाचता येतं.

म्हणून ‘वावळाची साल कशी असते?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या घेराच्या वावळाची, खोडाच्या कोणत्या उंचीवरची, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

गोंधळ कुणाशी होतो?

एखादं लक्षण ओळखायला उपयोगी आहे का, हे त्या झाडाकडे बघून ठरत नाही, शेजारच्या झाडांकडे बघून ठरतं. पुण्यात आणि आसपास वावळाशी गल्लत होऊ शकेल असे उमेदवार समोर ठेवू.

अर्जुन : फिकट करडी, थोडी गुलाबी छटेची, गुळगुळीत साल. ती मोठ्या, पातळ, सपाट तुकड्यांनी सुटते. पुटकुळ्यांची खरखर नाही. खाली पाच पंखांची कठीण फळं सापडली तर प्रश्नच मिटला.

ऐन : अर्जुनाचाच भाऊबंद, पण साल गडद आणि खोल भेगांनी चौकटीत चिरलेली, मगरीच्या पाठीसारखी. याचा गोंधळ फक्त फोटोत होतो, प्रत्यक्षात नाही.

कळंब : हा खरा अवघड. करडी साल, छोटे पातळ खवले, खवला पडल्यावर उथळ खळगे. इथे सालीवर थांबू नका, डहाळी बघा. कळंबाची पानं समोरासमोर असतात, वावळाची एकाआड एक. पानं गळून गेली तरी त्यांचे व्रण डहाळीवर राहतात, त्यामुळे हा फरक हिवाळ्यातही वाचता येतो.

करंज : करडी साल, बारीक उंचवटे. चिरबिल्व आणि करंज यांच्या नावांतही जुना घोळ आहे, ‘पूतिकरंज’ हे नाव वावळालाही लावलेलं सापडतं. पण करंजाचं पान संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक पर्णिका, आणि फळ चपट्या कठीण शेंगेचं. वावळाचं पान साधं.

पिंपळ : जुन्या पिंपळाची सालही करडी आणि तुकड्यांनी सुटणारी असते. पण पिंपळाची ताजी डहाळी मोडली की चीक येतो, वावळाला चीक नाही.

बघा, प्रत्येक जोडीत शेवटचा निर्णय सालीने दिलेला नाही. सालीने उमेदवारांची यादी पन्नासवरून चार-पाचवर आणली, आणि मग दुसऱ्या पुराव्याने निकाल दिला. सालीचं काम एवढंच, आणि ते मोठं काम आहे.

वहीत काय लिहायचं?

वनस्पतींच्या जुन्या ग्रंथांत एक मजेशीर फरक दिसतो. थिओडोर कुक हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य होते. त्यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. अशा ग्रंथांत ओळखीची किल्ली मुख्यतः फुला-फळांवर चालते. वन खात्यातल्या टॅलबट यांनी १९०९ ते १९११ मध्ये इलाख्याच्या जंगलातल्या झाडांवर दोन खंड पुण्यातच छापून काढले. वनाधिकाऱ्याला वर्षभर उभ्या झाडासमोर निर्णय घ्यावा लागतो, म्हणून जंगलखात्याच्या परंपरेत साल आणि लाकूड यांना जास्त जागा मिळत आली.

हर्बेरियमचंही तसंच. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, दोन्हीकडे वाळवलेल्या नमुन्यांचे मोठे संग्रह आहेत. पण हर्बेरियमच्या कागदावर मावते ती डहाळी, खोड नाही. त्या झाडाची साल कशी होती हे आज कळायचा एकच मार्ग : गोळा करणाऱ्याने लेबलावर ते लिहिलं असेल तर. नाही लिहिलं, तर ती माहिती कायमची गेली. तुमच्या लेबलाचं पुढे असंच होणार आहे.

म्हणून नोंदीचा क्रम असा ठेवा.

१. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, खोडाचा घेर मोजा. घेर नसलेली सालीची नोंद वय न लिहिलेल्या रुग्णाच्या तपासणीसारखी असते.

२. तीन उंचीवर साल बघा : बुंधा, छाती, पहिल्या फांदीच्या खाली. प्रत्येक ठिकाणी फोटो घ्या, आणि फोटोत पट्टी किंवा एखादं नाणं ठेवा. वरच्या फोटोसाठी झूम पुरतो.

३. झाडाचं नाव न लिहिता वर्णन लिहा. रंग, भेगा उभ्या की आडव्या की नाहीतच, उंचवटे आहेत का, खवले अंदाजे किती सेंटिमीटरचे, खवल्याखालचा रंग कोणता.

४. बुंध्याला गेरू-चुना लावला आहे का, शेवाळ किंवा दगडफूल आहे का, खिळे, जाहिराती, धूळ यांनी पृष्ठभाग बदलला आहे का, तेही लिहा. शहरात हे हमखास असतं.

५. आता नाव लिहा, आणि शेजारी तुमची खात्री : जास्त, मध्यम, कमी.

६. पुन्हा कधी तपासायला येणार ती तारीख टाका.

तिसरी आणि पाचवी पायरी उलटी झाली की काय होतं? एकदा मनात ‘वावळ’ उमटलं की डोळे पुटकुळ्या शोधायला लागतात आणि न जुळणारं सगळं गाळतात. मग तुमच्या वहीत झाडाचं वर्णन उरत नाही, पुस्तकातल्या वावळाचं वर्णन उतरतं. निरीक्षण आणि निष्कर्ष वेगवेगळ्या रकान्यांत ठेवायचे ते यासाठी. निष्कर्ष उद्या बदलला तरी निरीक्षण शाबूत राहतं.

आणि एक विनंती. ‘आतला रंग बघू’ म्हणून जिवंत साल खरवडू नका. अन्न वाहणारा थर सालीच्या आतल्या बाजूलाच असतो, आणि जखमेतून बुरशीला वाट मिळते. खाली पडलेले खवले उचला, ते पुरतात.

नव्वद टक्के बरोबर, तरी निम्मे चूक

आता थोडं गणित. समजा तुमच्या भागात २०० झाडं आहेत, त्यातली २० वावळ. हे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा सालीवरून तुमची ओळख ९० टक्के वेळा बरोबर येते, वावळ असो वा नसो.

२० खऱ्या वावळांपैकी १८ तुम्ही बरोबर ओळखाल. उरलेल्या १८० झाडांपैकी १० टक्के, म्हणजे १८ झाडांना तुम्ही चुकून वावळ म्हणाल. तुमच्या यादीत ‘वावळ’ असे ३६ शेरे पडले, त्यातले खरे फक्त १८. एकूण अचूकता ९० टक्के, पण ‘वावळ’ या रकान्यातली प्रत्येक दुसरी नोंद चुकीची!

कारण सोपं आहे : वावळ कमी आहेत आणि वावळ नसलेली झाडं पुष्कळ आहेत. मोठ्या गटातली थोडी चूकही छोट्या गटाला गिळून टाकते. दुर्मीळ आजाराच्या चाचणीत हेच होतं, मोबाइलवरच्या झाडं ओळखणाऱ्या ॲपमध्येही हेच होतं. म्हणून प्रबंधात ‘ओळखीची अचूकता ९० टक्के’ असं एकच वाक्य लिहिलंत तर परीक्षकाने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे : ज्याला वावळ म्हटलं त्यातले खरे किती?

आता दुसरा पुरावा आणू. तोही ९० टक्के भरवशाचा आहे आणि सालीपासून स्वतंत्र आहे असं धरू. त्या ३६ झाडांना तो लावला तर खऱ्या १८ पैकी साधारण १६ टिकतील आणि खोट्या १८ पैकी साधारण २. यादी १८ ची झाली, त्यातले १६ खरे. एका जादा फेरीने निम्म्यावरून जवळजवळ ८९ टक्क्यांवर!

इथे ‘स्वतंत्र’ हा शब्द मोलाचा आहे. त्याच सालीचा दुसरा फोटो हा दुसरा पुरावा नाही. वावळासाठी चांगले दुसरे पुरावे ऋतूनुसार मिळतात. जानेवारी-फेब्रुवारीत निष्पर्ण फांद्यांवर बारीक, हिरवट-तपकिरी फुलांचे झुबके येतात. मग लगेच फळं धरतात : साधारण अडीच सेंटिमीटरच्या गोल, पातळ, पापडासारख्या चकत्या, मधोमध एक बी. त्या हिरव्या असताना झाड दुरून पोपटी पालवी फुटल्यासारखं दिसतं. ती पालवी नसते, फळं असतात. एप्रिल-मेमध्ये त्या वाळून रस्त्यावर भिरभिरत येतात. पावसाळ्यात पान चुरगाळा, त्याला एक उग्र, नकोसा वास असतो.

मात्र चकत्या झाडाखाली सापडल्या म्हणून ते झाड वावळ ठरत नाही. त्या वाऱ्यावर उडण्यासाठीच बनल्या आहेत. शेजारच्या आवारातून आलेल्या असू शकतात. फांदीवर लटकलेली चकती हा पुरावा, जमिनीवरची ही फक्त सूचना.

नाव चुकलं तर बिघडतं काय?

कुणी म्हणेल, वावळ काय आणि कळंब काय, सावली तर दोघंही देतात. पण नोंद पुढे जाते. महाराष्ट्रातल्या शहरांमधली झाडं १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली येतात आणि त्या कायद्यात वृक्षगणना अपेक्षित आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आणली. म्हणजे वय हा आता कागदावरचा निर्णायक आकडा आहे. उभ्या झाडाचं वय घेरावरून काढायचं तर त्या जातीचा वाढीचा वेग लागतो. जात चुकली की वेग चुकला, वेग चुकला की वय चुकलं. ४५ आणि ५५ यातला फरक कुऱ्हाडीच्या बाजूने पडू शकतो.

दुसरं उदाहरण आरोग्याचं. वावळाचं परागीभवन वाऱ्याने होतं आणि त्याचे परागकण भारतात ॲलर्जी करणाऱ्या महत्त्वाच्या परागकणांमध्ये गणले जातात. उद्या कुणी दम्याच्या रुग्णांची माहिती आणि झाडांचा नकाशा एकमेकांवर ठेवून बघणार असेल, तर त्या नकाशातले निम्मे वावळ खोटे असून चालणार नाही. त्या संशोधकाला तुमची वही कधीच दिसणार नाही, फक्त शेवटचा रकाना दिसेल.

म्हणून या हिवाळ्यात एवढंच करा. घराजवळची दहा झाडं निवडा, पानं नसलेली असतील तर उत्तम. प्रत्येकाचं घेरासकट वर्णन लिहा, मग नाव आणि खात्री. मार्चमध्ये तीच दहा झाडं पुन्हा बघा आणि किती जुळली ते मोजा. जिथे खात्री ‘जास्त’ लिहिली होती तिथे किती जुळली, हे वेगळं मोजा. तो आकडा तुमचा स्वतःचा असेल, आणि संशोधनाच्या मुलाखतीत ‘तुमच्या पद्धतीची मर्यादा काय?’ असं विचारलं तर सांगायला तुमच्याकडे खरं उत्तर असेल.

दहा झाडांत एकही वावळ निघाला नाही तरी हरकत नाही. तीही एक नोंदच आहे, तारखेसकट लिहून ठेवा.